वेढ्यांची संख्या

अकरा वर्षांनी परत आला ट्रान्सफॉर्मर,
छोटा उदेपूरकडून, टेम्पोत आडवा,
अंगावर कावळ्यांची शिट, खालून तेल ठिबकतंय.
नेमप्लेटवर कंपनीचं नाव, मालाचा नंबर,
व्होल्ट, वजन, तेल किती लिटर.
हार्दिकभाई म्हणाले, उघडा.

मी मकरपुऱ्याला लागले तेव्हा
इंदुबेन घोरपडे होत्या पहिल्या मशीनवर.
गेटवर पाटी: वायंडिंगसाठी फक्त लेडीज.
बोटं नाजूक, नजर बारीक, आणि युनियनचा ताप नाही.
पहिली दोन कारणं इंटरव्ह्यूत सांगितली,
तिसरं मी चहाच्या टपरीवर ऐकलं.

इंदुबेननी बोट पुढे केलं. नाजूक?
तर्जनीला तांब्यानं पाडलेली खाच,
तिच्यातून तार आपली आपण सरळ जायची.
म्हणाल्या, "हे आपलं मशीन. ते कंपनीचं."

वडाला सात वेढे घालते, सासूबाई मोजतात.
इथे एका कॉइलला आठशे चाळीस.
काउंटर मोजतो. काउंटर चुकला की मी मोजते.
ताण जास्त झाला तर तार तुटते,
कमी झाला तर फेरे एकमेकांवर चढतात,
आणि नेमका किती, ते कुठल्या कागदावर नाही.
डिप्लोमा झालेला एक पोरगा आला शिकायला,
विचारतो, किती न्यूटन?
मी म्हटलं, गुंता झालेल्या केसांची वेणी घातलीयस कधी?
तो हसला.
तीन महिन्यांनी माझा सुपरवायझर झाला.

रात्री मैथिली बारावीचं फिजिक्स घोकते,
एन वन बाय एन टू.
एन म्हणजे काय गं?
वेढ्यांची संख्या.
घातले कुणी?
आई, ते परीक्षेत येत नाही.
टीव्हीवर मालिकेतली शास्त्रज्ञ
निळं पाणी एका चंबूतून दुसऱ्यात ओतते आहे.
कुणीतरी तिचा चष्मा काढतो, बंद खोलीत वारा सुटतो,
आणि पुढच्या भागात
तिचा शिरा जमतो की नाही यावर सगळं घर अडून बसतं.
सासूबाईंना ती आवडते. मलाही आवडते, खोटं का बोलू.
फक्त तिच्या नखांकडे बघत राहते मी.

एकदा आतल्या कागदावर नाव लिहावंसं वाटलं.
पेन्सिल काढली. इंदुबेननी मनगट धरलं:
"अगं, शिसपेन्सिलीतून वीज जाते.
तुझ्या नावावरूनच पेटेल सगळं."
मग मला त्यांची गाठ दाखवली,
सुती पट्टीची, डावखुरी, एकदाच, घाईत,
जेवणाची घंटा झालेली होती.
तेव्हापासून मी तशीच घालते.

आज टाकीचं झाकण निघालं.
जळका, आंबट वास. काळं तेल.
साखळीनं कोर वर ओढला तर हार्दिकभाई वाकून म्हणाले,
बुशिंग गेलंय, पाणी शिरलंय,
पण वायंडिंग पाहा, एकदम सरस! कोनुं काम छे?
रजिस्टर काढलं. कारागीर या रकान्यात
लिहिलं होतं: लेडीज, टेबल एक.

मी कोपरापर्यंत हात चिकट करून चाचपलं.
तिसऱ्या कॉइलच्या मागे
पट्टी डावीकडे वळलेली, दोनदा खालून.
"इंदुबेन घोरपडे," मी म्हटलं.
ते फोनवर बुशिंगचा भाव विचारत होते.

जुनी पट्टी कात्रीनं कापायची असते.
मी नखानं सोडवायला घेतली.
वेळ लागला. हार्दिकभाई घड्याळाकडे बघत राहिले.
सोडवता सोडवता लक्षात आलं,
अकरा वर्षं मी ती चुकीची घालत होते:
शेवटचा फास बाहेरून नाही,
आतून जातो.